एकसष्ट नंबर आणि बारा दिवसांची सुट्टी

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना बिल्ला आहे, नंबर एकसष्ट. रुपयाच्या नाण्याहून जरासा मोठा, वर दोरा ओवायला भोक. हसू नका. माझ्या अंगावर कोणाचं नाव नाही, नुसता आकडा आहे, आणि त्या आकड्यापायी एका घराचं जे झालं ते मी गळ्यात लटकून पाहिलं आहे.

वर्ध्याच्या एका तांबटानं मला ठोकून घडवलं, एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली. माझ्यासोबत माझी शंभर भावंडं होती. तिथून आम्ही सारे वडनेरच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात आलो. तिथे सरकीचं तेल काढत. कायम कामगारांना छापील कार्ड असे. आम्ही होतो ठेकेदाराच्या माणसांसाठी. ठेकेदार महादेवराव कारखान्याला माणसं पुरवायचे आणि अण्णाजी त्यांची हजेरी घ्यायचे.

अण्णाजी तोंड पाहत नसत, बिल्ला पाहत. धुळीमुळे साऱ्या बायकांची तोंडं फडक्यानं बांधलेली, पाहून तरी काय कळणार? दुसरा भोंगा व्हायच्या आत बिल्ला दिसला की हजेरी लागली. पण एक दिवस जरी नागा, म्हणजे खाडा, झाला, तरी बिल्ला काढून घेत. बाई परत आली की तिला दुसरा नंबर मिळे आणि तिचे दिवस पुन्हा एकपासून सुरू होत. मला वाटायचं, अण्णाजी मोठे शिस्तीचे! कसली शिस्त न् कसलं काय.

अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत मी पंचफुलेच्या गळ्यात आलो. नवरा गेल्यापासून घर तिच्याच जिवावर होतं. घरात शेतमजुरी करणारी धाकटी बहीण अन्नपूर्णा आणि सासरी लेक सुजाता, एवढाच तिचा गोतावळा. पंचफुला मला रोज राखेनं घासायची. असा चमकायचो की बाकीच्या बायका म्हणायच्या, "पंचफुलाचा बिल्ला पाहा वं, सोन्याचा दिसते!" मी फुगून जायचो.

वस्तीतल्या विहारात बाबाराव दर रविवारी लोकांना सरकारी कागद वाचून दाखवत. ते कचेरीत कारकून होते. एका रविवारी त्यांनी सांगितलं, "वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले का पुढल्या साली दर वीस दिवसामागं एक दिवस पगारी सुट्टी भेटते. ठेकेदाराच्या माणसालेबी! थे मेहरबानी नाई, हक्क व्हय."

"म्हंजे बारा दिवस?" पंचफुलेनं बोटं मोजून विचारलं.

"कमीत कमी बारा. म्हणून त ठेकेदार एका नाग्यात नंबर बदलते. कोणाचे दोनशे चाळीस भरूच देत नाई."

माझी चमक तिथेच उतरली. अण्णाजींच्या शिस्तीचं गुपित हे होतं तर!

पंचफुला मात्र हरखली. जानेवारीत सुजाता बाळंतपणाला येणार होती. पहिलं बाळंतपण आईनं करायचं असतं. पण आई सकाळी सातला कारखान्यात आणि मावशी शेतात गेली तर बाळंतिणीला शेक कोण देईल, बाळाला न्हाऊ कोण घालेल? बारा दिवस मिळाले तर सारं निभणार होतं. त्या दिवसापासून तिनं चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रोज एक रेघ ओढायला सुरुवात केली. मागचे दिवसही आठवून आठवून ओढले.

दिवाळी झाली, नवी सरकी आली. गोदामातला ढीग वाढता वाढता पत्र्याला टेकला. बायका बुडातून टोपल्या भरत आणि वरची सरकी भिंतीसारखी तशीच उभी राही. मला तो ढीग कधीच आवडला नाही. पंचफुला त्याला ओळखून होती. कोसळायच्या आधी वरून दोन-चार दाणे टपटपत येतात. ते आले की ती टोपली टाकून मागे सरायची.

भिंतीवर दोनशे तेहतीस रेघा झाल्या आणि दुसऱ्याच सकाळी पंचफुलेला हिवताप भरला. दोन गोधड्यांखाली दातावर दात आपटत होते.

"सातच दिवस राह्यले वं," ती रडायलाच लागली. "आज नागा झाला त सारं गेलं."

"काऊन रडून राह्यली? आण तो बिल्ला," अन्नपूर्णा म्हणाली.

तुम्हाला नवल वाटेल, पण तिथे हे नेहमीचंच होतं. सासू आजारी तर सून जायची, आई आजारी तर लेक. बिल्ला आला म्हणजे बाई आली. अण्णाजींना ठाऊक होतं, पण टोपल्या भरल्या जात होत्या, मग त्यांना काय!

"ढिगाच्या बुडाशी उभी नको राहू," पंचफुला गोधडीतून म्हणाली. "वरून दाणे पडले का दूर होजो."

"होईन वं बाई. झोप तू," म्हणत अन्नपूर्णेनं मला गळ्यात घातलं. मला ते बरं वाटलं नाही. पण बिल्ल्याला कोण विचारतं?

दुपारपर्यंत सारं ठीक चाललं. मग तिच्या डोक्यावर दोन दाणे पडले. पुन्हा तीन. अन्नपूर्णा हसली, केस झटकले आणि पुन्हा टोपलीवर वाकली. जन्मभर शेतात राबलेली बाई ती, डोक्यावरच्या दाण्याचं तिला काय भय! अगं, पळ! मी किती तळमळलो. पण पितळेला कंठ कुठून आणू?

ढीग आला. पुढचं मी सांगणार नाही, तुम्ही लहान आहात.

तासाभरानं तिला बाहेर काढलं. अण्णाजींनी तिच्या तोंडाचं फडकंही सोडलं नाही. मला उलटं करून वाचलं आणि लिहिलं, 'एकसष्ट. पंचफुला. मयत.'

वस्तीत निरोप गेला. तिथलं मी नंतर बायकांच्या तोंडून ऐकलं. शेजारची शकुबाई ऊर बडवत घरापाशी आली, "पंचफुला गेली वो!" आणि दार उघडलं ते पंचफुलेनंच, अंगावर गोधडी घेऊन. शकुबाई दोन पावलं मागे सरली. कोण गेलं ते पंचफुलेला मात्र सांगावं लागलं नाही. ती तशीच तापात कारखान्याकडे धावली.

फाटकात अन्नपूर्णेला ठेवलं होतं, तिथेच महादेवरावांनी पंचफुलेला बाजूला घेतलं. आवाज अगदी मऊ होता. "झालं ते वाईट झालं. पण आता लिहिलं ते राहू दे, बिल्ल्यावर दुसरीच बाई होती म्हटलं त चौकशी लागते. तू उद्यापासून अन्नपूर्णा म्हणून ये, नवा बिल्ला देतो. नाई त तुह्या बहिणीले इथं कोणी बोलावलं होतं? चोरून घुसली म्हणून लिहीन."

"अन् माहे दिवस?"

"मेलेल्या बाईले सुट्टी कायची?"

 पंचफुलेनं बहिणीच्या गळ्यातून मला सोडवलं आणि अण्णाजींच्या वहीवर ठेवलं. म्हणाली, "मेली ते अन्नपूर्णा. माह्या नावानं तिले माती देऊ नका. तिचं नाव लिवा. अन् मी आज नागा केला, तेबी लिवा."

अण्णाजींनी 'मयत' खोडलं. त्या जागी लिहिलं, 'नागा.' अन्नपूर्णेचं नाव त्यांनी कुठेच लिहिलं नाही.

बाबारावांनी अन्नपूर्णेच्या भरपाईसाठी अर्जावर अर्ज केले. पण त्या दिवशी ती कारखान्यात होती याला कागद कुठे होता? जानेवारीत सुजाता बाळंत झाली. पंचफुलेला बारा दिवस मिळाले नाहीत. नवा नंबर तिला कोणी दिलाच नाही; काम सुटलं होतं, सारेच दिवस मोकळे होते.

मी दुसऱ्याच सकाळी अनुसयाबाईच्या गळ्यात गेलो. मग आणखी कोणाच्या. कारखाना बंद पडेपर्यंत सात वर्षं असाच फिरलो. एकीचेही दोनशे चाळीस दिवस भरलेले मी पाहिले नाहीत. ढीग मात्र दरसाल पत्र्याला टेकायचा.

मित्रांनो, तुमची आई, मावशी किंवा काकू अशा कामाला जात असेल तर तिला विचारा, ताप आला तर घरी राहता येतं का? ती नाही म्हणाली तर गप्प बसू नका, चार शहाण्या माणसांना सांगा, कायदा विचारा. पण काही झालं तरी तिचा बिल्ला घेऊन तुम्ही जाऊ नका.