डॅशबोर्डवरची देवी

रांग पिठाच्या गिरणीपर्यंत गेली होती. गिरणीवाल्याने वैतागून दळणवाल्या बायकांची वेगळी रांग लावली, तर भक्त तिच्यातही उभे राहिले. त्यातल्या एका गृहस्थाने दर्शनाच्या भरात कोणाचीतरी दोन किलो बाजरी दळून घेतली आणि प्रसाद म्हणून घरी नेली.

दर्शन होतं माझ्या मामाच्या मोटारीचं.

चकाल्याच्या आमच्या चाळीसमोर, बदामाच्या झाडाखाली ती उभी असायची. लांबलचक, परदेशी, स्टिअरिंग डावीकडे. कामाला होता ती कापडगिरणी बंद पडल्यावर हातात आलेली सगळी रक्कम दत्ताराममामाने एका वकिलातीच्या जुन्या सामानाच्या लिलावात ओतली आणि टेबलखुर्च्या बघायला गेलेला माणूस मोटार घेऊन आला. तेव्हापासून ती अंधेरीच्या स्टुडिओंत भाड्याने जायची. तिच्यातून व्हिलन उतरायचा. मागचं दार उघडणारा हात माझा. माझा उजवा कोपर आजवर तीन पिक्चरमध्ये आला आहे आणि जाणकारांच्या मते त्याने चांगलं काम केलं आहे.

तर त्या मोटारीच्या डॅशबोर्डवर एक दिवा आपोआप लागला होता. शेंगदाण्याएवढा, नारिंगी. वात नाही, तेल नाही, कोणी बटण दाबलेलं नाही.

"तेज आहे, तेज!" चंद्रप्रकाश महाराज ओरडत होते. "हे पेट्रोलचं नाही, बॅटरीचं नाही, हे चैतन्याचं आहे! साक्षात देवीचा डोळा! नारळ बंपरवर फोडा, काचेवर नको. सुट्टे पैसे डावीकडे."

हे महाराज दिवा लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी उगवले. जोगेश्वरीच्या पलीकडे त्यांचा मठ असल्याचं ते सांगत. त्यांचा मोठा चमत्कार असा की ते "जागी हो, माते!" म्हणाले की दिवा लागायचा आणि "आता विश्रांती घे" म्हणाले की विझायचा. लोक ढसाढसा रडायचे. पहिल्या वेळी मामा इंजिनाची किल्ली फिरवून गाडी चालू करायचा आणि दुसऱ्या वेळी पेट्रोल वाचवायला बंद करायचा, ही गोष्ट सगळ्यांना दिसत होती. पण किल्लीकडे कोण बघतो? देवळात आपण घंटेच्या दोरीकडे बघतो का?

दिवा लागला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. आरे कॉलनीतून परत येत होतो. मैलांचे आकडे सरकताना बघायचा मला नाद आहे. मी म्हणालो, "मामा, तीस हजार मैल पुरे झाले. भजी खाऊ या." आणि दिवा लागला.

मामाने करकचून ब्रेक मारला. "नंद्या, ह्या काय रे?"

"भजीला होकार आला, मामा."

त्याला हसू आलं नाही, कारण गाडीचं आधीच काहीतरी बिनसलं होतं. दोन-तीन महिने ती पाण्यासारखं पेट्रोल पीत होती आणि मागून काळा धूर सोडत होती. एका गाण्याच्या शूटिंगला पांढऱ्या साडीतली हिरॉइन गाडीमागून पळाली आणि करड्या साडीत परत आली. प्रॉडक्शन मॅनेजरने मामाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दत्ताराम, सोमवारी नवीन पिक्चर सुरू होतंय. बिनधुराची आणलीस तर सगळं पिक्चर तुझं. नाहीतर जुहूवाल्याची गाडी तयार आहे."

महाराजांनी धूर आणि दिवा यांची सुरेख मोट बांधली. धूर हा देवीचा कोप. डोळा उघडलाय, आता पुढची पायरी भस्म. उपाय एकच. शनिवारी अमावास्येला गाडी मठाला अर्पण करायची.

"आणि मी काय करू?" मामाने विचारलं.

"तू मुक्त होशील."

मामा मुक्त होऊन कुठे जाणार होता ते आम्हाला ठाऊक होतं. देवगडला, धाकट्या भावाच्या कलमांची राखण करायला. पण विमलामामी घाबरली होती. भस्म म्हटल्यावर तिला गाडी दिसत नव्हती, गाडीत बसलेला नवरा दिसत होता. "देऊन टाका," ती म्हणत होती. "गाडी काय, परत घेता येतली." मामाने मान हलवली. परत कशाने घेणार, हे दोघांनी एकमेकांना विचारलं नाही.

गुरुवारी दुपारी उत्तरा आली. उत्तरा म्हणजे मामाची मुलगी. शाळेत सायन्स शिकवते आणि मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी गेली होती. आंब्याची पेटी डोक्यावर घेऊन ती फाटकातून आत शिरली तर एका स्वयंसेवकाने तिला रांगेत उभं केलं. स्वतःच्या घरी पोचायला तिला पाऊण तास लागला. पेटीतले चार आंबे देवीला गेले.

"बाबा, हे काय चाललंय?"

"माका काय ठावक, बाय. नंद्याक विचार. त्येच्यासमोर झाला."

महाराज आमच्याच खाटेवर वामकुक्षी करत होते. त्यांच्या घोरण्यात मी तिला सगळं सांगितलं. भजीसकट.

"थांब," ती म्हणाली. "धूर आधीपासून होता?"

"दोन-तीन महिने."

"आणि दिवा बरोबर तीस हजाराला लागला?"

"आकडा पलटला आणि लागला."

"नंद्या, बिघाड कधी पूर्ण आकड्यासाठी थांबतो का? तुझा दात दुखायला लागतो तेव्हा एक तारीख असते का?"

"माझा दात पगाराच्या दिवशी दुखत नाही एवढं खरं."

"म्हणजे हा दिवा बिघाड बघतच नसेल. तो फक्त मैल मोजत असेल." ती गाडीत जाऊन बसली. दिव्याखाली, दिव्यावर, सगळीकडे कुंकवाचा जाड थर होता. गाडी घरी आली त्या दिवशी मामीने बाहेरून स्वस्तिक काढलं आणि मग, नजर आतूनही लागते म्हणून, आतून काढलं. दर दसऱ्याला त्यावर नवा थर. महाराजांनी तर मूठमूठ वाहिलं होतं.

"मामी, जरा ओलं फडकं दे," मी म्हणालो.

मामी फडकं घेऊन आली आणि ते कशासाठी ते कळल्यावर छातीशी धरून उभी राहिली. "देवीचा कुंकू पुसतंस? माझ्यासमोर?"

"आई, देवीचं पुसत नाही. डॅशबोर्डचं पुसते. तुला भीती वाटते तर तू पूस. तुझंच कुंकू आहे."

मामी गाडीत वाकली. मग डोळे मिटून, एका बोटावर फडकं गुंडाळून, तिने एकदाच हात फिरवला.

दिव्याखाली बारीक इंग्रजी अक्षरं निघाली. 'एक्झॉस्ट सेन्सर'.

मामीने एक डोळा उघडला. "काय लिवला हा? नाव कोणाचा?"

"धुराच्या नळीतल्या एका पुर्ज्याचं," उत्तरा म्हणाली आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे फोन करायला गेली. तिची मैत्रीण नलिनी ट्रॉम्बेला संशोधन करते. उत्तरा परत आली ती हसतच.

"ऐका. धुराच्या नळीत एक बोंडासारखा पुर्जा असतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो हुंगतो आणि त्यावरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. त्याचं नाक बंद झालं की पेट्रोल जास्त, धूर काळा. आता, कंपनी म्हणते तीस हजार मैलांनी तो बदला. आठवण राहावी म्हणून दिवा लावून ठेवलाय. बस."

"म्हणजे गजराचं घड्याळ," मी म्हणालो.

"तेच. आणि आपण घड्याळाला नारळ फोडतोय."

"मग पुर्जा मेला कसा?" मामाने विचारलं.

"आपल्या पेट्रोलात शिसं असतं. तिकडच्या पेट्रोलात नसतं. शिशाने त्याचं नाक बुजलं."

शुक्रवारी सकाळी गाडी गार असताना उत्तराने नळीच्या त्या सांध्यावर रॉकेल सोडलं, गाडी थोडी तापवली, आणि मामाने पाना लावून जोर केला. पुर्जा सुटला तेव्हा मामा पाठीवर पडला आणि महाराज म्हणाले, "बघा, देवीने ढकललं." तो काळाठिक्कर पुर्जा फडक्यात बांधून आम्ही कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे गेलो.

भंगारवाल्याने तीन वस्तू मांडल्या. एक डबाबंद, परदेशी. दुसरी हुबेहूब तशीच, फक्त डब्यावरच्या इंग्रजीत चुका. आणि तिसरी म्हणजे पत्र्याच्या टोपलीतले मोडीत काढलेल्या गाड्यांचे जुने पुर्जे.

"मॅडम, असली लेके जाओ. जिंदगीभर टेन्शन नही."

"जिंदगीभर कसं? आपलं पेट्रोल त्यालाही मारणारच. लवकर मरणार असेल तर महागडा कशाला घेऊ?"

"तो डुप्लिकेट लेलो, एकदम झकास."

"तो जिवंत जन्मलाय की नाही तेच कळणार नाही." उत्तरा टोपलीत हात घालून आमच्या पुर्ज्याचे आटे जुळवून बघत होती. आटे तेच हवेत आणि वायर एकच हवी, एवढं तिने पक्कं केलं. मग पिशवीतून शाळेचा व्होल्टमीटर काढला. "तुमचा गॅसचा बर्नर द्या जरा."

तिने एकेक पुर्जा चिमट्यात धरून त्याचं टोक ज्योतीत बुडवलं. पहिला मेलेला. दुसरा मेलेला. तिसरा लाल झाला आणि काटा सरकत सरकत एक व्होल्टच्या जवळ गेला.

भंगारवाल्याने हात जोडले. "मॅडम, ये मंत्र मेरेको भी सिखाओ."

"मंत्र नाही. गरम झाला आणि आत ऑक्सिजन नसला की तो स्वतः वीज काढतो. काढली नाही तर फेका."

आम्ही निघालो तेव्हा तो बर्नर पेटवून टोपलीतला दुसरा पुर्जा पुन्हा एकदा मनापासून तपासत होता.

शनिवारी अंगणात मुंगीला जागा नव्हती. पहाटेच मामाने जुना-नवा पुर्जा बसवला होता, टोकाला ग्रीसचं बोट न लागू देता. महाराज हार घालून आले. मामाने किल्ली फिरवली. गाडी घरघरली. मागे धुराचा पत्ता नाही.

"पाहा!" महाराजांनी हात वर केले. "अर्पण करायचं नुसतं ठरवलं आणि कोप गेला! बोला, चंद्रप्रकाश महाराज की..."

"जय!" अख्खी चाळ ओरडली. मी स्वतः 'ज' पर्यंत गेलो होतो. एवढी मेहनत करून श्रेय खाटेवर झोपणाऱ्याला! मामाने माझ्याकडे बघितलं. त्याचा हात चालू गाडीच्या किल्लीवर होता आणि महाराजांचा हात पुढे आला होता.

"महाराज," उत्तरा गाडीतून म्हणाली, "कोप गेला तर डोळा अजून उघडा कसा? दिवा लागलेलाच आहे."

"ती... प्रसन्न नजर आहे."

"बरं." तिने डॅशबोर्डखाली हात घातला. इंजिन चालू होतं. दिवा विझला.

गर्दीतून "अगं बाई!" असा एकच आवाज आला.

"पाप!" महाराज ओरडले. "देवी रुसली!"

"मग तुम्ही समजूत काढा. इंजिन चालू आहे. म्हणा, जागी हो."

महाराज म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले. मग संस्कृतात म्हणाले, त्यात 'नमस्तुभ्यं' सोडून बाकी शब्द त्यांचे स्वतःचे होते. दिवा ढिम्म.

मासळीची टोपली घेऊन उभी असलेली वेसाव्याची अंजनाबाई पुढे सरकली. "आगं पोरी, खाली काय केलंस तू? मना दाव."

उत्तराने तिला वायरची दोन टोकं दाखवली. "ही अशी एकमेकांत बसवायची, मावशी."

अंजनाबाईने पापलेटाच्या हातांनी ती बसवली. दिवा लागला. काढली, विझला. बसवली, लागला. तिने वळून महाराजांकडे बघितलं. "काय वो बाबा, माजे अंगात आली वाटतं देवी! टाका नारळ माजे टोपलीत!"

जे हसू फुटलं ते गिरणीपर्यंत गेलं. मग जो तो म्हणाला मला बघू दे, आणि पुन्हा रांग लागली. पण या रांगेतला प्रत्येक जण वाकून वायर बघत होता. दिवा चाळीस वेळा तरी लागला-विझला. शेवटी मामाने गाडी बंद केली, म्हणाला, "पुरे, बॅटरी आसा ती, चैतन्य न्हय," आणि किल्ली खिशात टाकली.

महाराज तेवढ्यात रिक्षात बसले होते. मीटरकडे बघून ते रिक्षावाल्याला म्हणाले, "हा फास्ट पळतोय, काहीतरी गडबड आहे." आकड्यावर संशय घेताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

सोमवारी हिरॉइन पांढऱ्या साडीत पळाली आणि पांढऱ्याच साडीत परत आली. पिक्चर मामाचं झालं. माझा कोपरही त्यात आहे.

तुमच्याकडेही उद्या काहीतरी आपोआप पेटेल, पाझरेल, हलेल. नारळ जरूर आणा, चटणीला उपयोगी पडतो. पण फोडण्याआधी एवढंच विचारा, हे कधी सुरू झालं, त्या वेळी कोणाचा हात कुठे होता, आणि माझ्या हाताने हेच होतं का? या तीन प्रश्नांना जो महाराज चिडतो त्याला रिक्षा बोलावून द्या.

दसऱ्याला मामी नेहमीसारखी तबक घेऊन गाडीशी आली. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांना बोटं लावली, आत वाकली आणि थबकली. मग कुंकवाची चिमूट परत करंड्यात टाकून तिने डॅशबोर्ड पदराने लखलखीत पुसला.

"हयसर नको," ती म्हणाली. "वाचूक येवक् होया."