जावेचं खारीतलं भात

नातालीनच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं ओव्याने जाणारं नव्हतं. धाकटी जाऊ रेजीन हिचं खारीतलं, म्हणजे खाडीलगतच्या खारट जमिनीतलं, भात यंदा कमरेला लागलं होतं, हेच त्या दुखण्याचं कारण.

बरं, दोष तरी कुणाला द्यायचा? रेवदंड्याच्या खाडीकाठी त्यांची ख्रिस्ती वाडी. सासरा गेला, दोघे भाऊ वेगळे झाले, तेव्हा थोरली म्हणून पहिली निवड हिचीच. नवऱ्याने, इनासने, हिच्याकडे पाहिलं आणि हिने ठसक्यात सांगितलं, "आम्हाला माळावरचं द्या. खाडीच्या तोंडचं घेऊन रोज समुद्राशी कोण भांडेल?" धाकट्या बस्त्यावच्या वाट्याला खार आली. बांध पडका, जमीन मिठाने पांढरी. वाडी हळहळली. नातालीनही हळहळली हो, अगदी मनापासून. दुसऱ्याचं वाईट झालं की हळहळायला आपलं काय जातं?

पण रेजीन हटली नाही. नवऱ्याच्या जोडीने डोक्यावरून चिखल वाहून तिने बांध उभा केला, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढलं, आणि यंदा खार अशी पिकली की वाटेने जाणारा माणूस थांबून बघायचा. माळावर नातालीनचं भात खुरटंच. तसं पोटापुरतं व्हायचं. घर गळत नव्हतं, नवरा शहाणा होता, पोरगी अंगणात उड्या मारत होती. पण या बाईचं लक्ष स्वतःच्या ताटात होतं कुठे?

"सायबीणसुद्धा तोंड बघून देते," ती इनासला म्हणायची. सायबीण म्हणजे मरियामाता.

"खार नको असं तूच म्हणालीस न्हाय का?" इनास म्हणायचा. मग दोन दिवस त्याला अळणी कालवण जेवावं लागायचं.

एकतीस सालच्या भादव्यात सायबिणीच्या जन्माचा सण आला. त्या दिवशी वाडीतली प्रत्येक बाई आपल्या शेतातल्या पहिल्या लोंब्या देवळात नेते, आणि वेदीपाशी ठेवताना एक वाक्य मोठ्याने बोलते. मागायचं काही नाही. मागणं काय, वर्षभर चालूच असतं. त्या दिवशी फक्त उपकार मानायचे.

इनास कार्मेलला, म्हणजे त्यांच्या लेकीला, घेऊन पुढे गेला होता. नातालीन लोंब्यांची जुडी घेऊन बांधावरून एकटीच निघाली. खाडीला उधाण चढत होतं. रेजीनच्या शेतापाशी तिचा पाय थबकला. बांधाच्या आतल्या अंगाला खेकड्याने बीळ पाडलं होतं, आणि त्यातून पाणी झिरपत होतं. नितळ पाणी असतं तर गोष्ट वेगळी. हे गढूळ होतं, म्हणजे बांध आतून पोखरला जात होता.

वाडीचा रिवाज पोराटोरांनाही ठाऊक. बांधाला गढूळ पाणी दिसलं की दिसेल त्याने तिथेच उभं राहून बोंब ठोकायची. मग शेत सख्ख्या वैऱ्याचं का असेना.

रेजीनचं भात नुकतं दुधात आलं होतं. आता खारं पाणी शिरलं तर दाण्याच्या जागी नुसता फोल. नातालीनने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. 'बस्त्यावला दिसेल की. मीच कशाला?' असं मनाशी म्हणून ती पुढे चालू लागली. जनाची नाही तर मनाची तरी! पण त्या घडीला तिला तीही नव्हती.

देवळात बायांची रांग लागली होती. नेमकी रेजीन तिच्या पुढे. तिने लोंब्या ठेवल्या आणि म्हणाली, "खार पिकली, तुझे उपकार."

मग नातालीनची पाळी आली. तिचं वाक्य दर वर्षी एकच असायचं, तेच सवयीने तोंडातून गेलं. "माझी कार्मेल जगली, तुझे उपकार."

बोलली, आणि तिथेच खिळली. कार्मेल जगली कशावर? बाळंतपणाच्या तापात नातालीनचं दूध आटलं, तेव्हा पोर रडूनरडून निळी पडली होती. रेजीनच्या मांडीवर स्वतःचं तान्हं होतं. तिने दुसरी मांडी पसरली आणि दोघांना पाजलं, एका बाजूला आपलं, एका बाजूला हिचं. पुढे भांडणं झाली, अबोले झाले, पण त्या दुधाचा शब्द रेजीनने कधी तोंडातून काढला नाही. आणि नातालीन इतकी वर्षं वेदीकडे बघून उपकार मानत होती, शेजारी बघायचं तिला सुचलंच नव्हतं.

"रेजीनचा बांध गळतोय," ती वळून म्हणाली. "गढूळ पाणी हाय. पळा."

मिस्सेची प्रार्थना तिथेच राहिली. पाद्रीबाबासुद्धा झगा खोचून धावले. पोचेपर्यंत बांधाला दाराएवढं भगदाड पडलं होतं आणि पाणी शेतात घुसत होतं. पुरुष चिखल-गवत आणायला लागले. बाया भगदाडात उतरल्या आणि हातात हात गुंतवून, पाण्याला पाठ देऊन बसल्या. सगळ्यांच्या आधी नातालीन बसली. तिच्या शेजारी रेजीन आली.

"तुला दिसलं कवा?" रेजीनने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. "देवळात जाताना," नातालीन म्हणाली. "बघून पुढे गेले. तुझं भात मला बघवत नव्हतं."

रेजीनने झटकन तोंड फिरवलं. पण तिने हात सोडवून घेतला नाही. समोर बांधालगतचं अर्धं शेत खाऱ्या पाण्याखाली गेलं होतं. पलीकडचं अर्धं हिरवंगार उभं होतं.

"माझ्या माळावरचं अर्धं तुझं," नातालीन म्हणाली.

"तुझं ते खुरटं भात? माझ्या कोंबड्या तोंड लावणार न्हायत." रेजीनने नाक ओढलं. ती रडत होती. "मिस्सा संपेस्तोवर गप्प बसली असतीस तर एक लोंबी उरली नसती. अर्धं ऱ्हायलंय, त्याचे उपकार मान. आणि पाठ सरळ कर, पाणी येतंय."

नातालीनने पाठ सरळ केली. त्या उभ्या भातातला एक दाणाही तिचा नव्हता, आणि ते वाचलं म्हणून तिला आयुष्यात कधी झाला नव्हता एवढा आनंद झाला.