भरलेल्या वाटीचा गोंधळ

मित्रांनो, कोथरूडच्या एका स्वयंपाकघरात पोचे पडलेली एक स्टीलची वाटी आहे, ती मी. माझ्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं आहे : ‘चि. नम्रता हिच्या उष्टावणाप्रीत्यर्थ, मावशीकडून’. कसबा पेठेतल्या दुकानात ते कोरताना मी इतकी थरथरले होते, की अजून आठवतं.

नम्रताची आई, मुक्ताई, मला मऊ भाताने काठोकाठ भरायची. नम्रताला मांडीवर आडवं घ्यायची, गोष्ट सांगायची आणि गोष्टीच्या नादात घासामागून घास. पाच मिनिटांत मी चकाचक! शेजारणी म्हणायच्या, “किती गुणी बाळ!” मला वाटायचं, लवकर रिकामं होणं हेच माझं काम. मग नम्रता मोठी झाली आणि मी मोहरीच्या डब्यात चमच्यासारखी वापरली जाऊ लागले. बरीच वर्षं तिथेच गेली.

आता नम्रताची सोनू दहा महिन्यांची आहे. मला घासूनपुसून बाहेर काढलं, तेव्हा मी हरखले. सोनू तर आईपेक्षा चपळ. दोन्ही मुठी भरून तोंडात कोंबते, गिळायच्या आत पुढचं उचलते. मला वाटलं, आता कौतुक होणार. पण नम्रताच्या कपाळावर आठ्या!

एका रविवारी आजींनी, म्हणजे आमच्या मुक्ताईनेच, मला केळ्याच्या चकत्यांनी भरलं आणि सोनूला मांडीवर रेलवून पुढे धरलं. तिने सगळ्या कोंबल्या. चेहरा लाल झाला, जोरजोरात खोकला सुरू झाला. आजी घाबरून तोंडात बोट घालणार, इतक्यात नम्रता धावली.

“आई, बोट नको! आत ढकललं जाईल. आवाज येतोय ना, खोकू दे तिला.”

तिने सोनूला सरळ बसवून किंचित पुढे वाकवलं. केळं बाहेर आलं. आवाजच बंद झाला असता, तर डोकं खाली ठेवून पालथं धरून पाठीत जोरात थापट्या माराव्या लागल्या असत्या, असं नम्रता नंतर म्हणाली.

“तुला मी ह्याच वाटीनं वाढवलं. चांगली जिवंत आहेस,” आजी म्हणाल्या.

“हो, आणि मी अजूनही पाच मिनिटांत ताट संपवून पित्ताची गोळी घेते. आई, पुढच्या सोमवारपासून मला ऑफिस आहे. भीती वाटते गं. कर्वेनगरच्या पाळणाघरात विचारून ठेवलंय.”

आजींचा हात माझ्यावर घट्ट आवळला गेला.

दुसऱ्या दिवसापासून सोनू खुर्चीत ताठ, पाय टेकवून बसू लागली. आजी समोर. लाल भोपळ्याच्या मऊ वाफवलेल्या, बोटाएवढ्या लांब फोडी माझ्यात. पण सोनूपुढे एकच. ती गिळली, की दुसरी.

“एकेक? पंगतीत वाढप्याला एवढा वेळ लागला असता तर लोक उठून गेले असते,” आजी पुटपुटल्या. पण स्वतःही एक फोड घेऊन, कवळी हलवत, सावकाश चावून दाखवू लागल्या. सोनू टक लावून बघायची आणि तसाच जबडा हलवायची. गोष्ट नाही, घाई नाही. अर्धा तास! तरी मी निम्मी भरलेलीच. मला अपमान वाटला. माझं काही चुकलं का?

शुक्रवारी सोनूने फोड हातात धरली, पुढचा तुकडा तोडला, चावला, गिळला. मग रिकामं तोंड उघडून आजींना दाखवलं. नम्रता दारातून बघत होती. तिने तिथूनच पाळणाघराला फोन लावला. “नको आता. आजी आहेत घरी.”

आजींनी डोळे पुसले आणि मला, निम्मी भरलेली असताना, शाबासकीची टिचकी मारली! रिकामी न होता कौतुक, हे मला आजही नीट उमगलेलं नाही. तरी मित्रांनो, तुमच्या घरी लहानगं जेवत असेल, तर हसवू नका, घाई करू नका, त्याला सोडून उठू नका. वाटीला वाईट वाटलं तर वाटू द्या.