प्रविणची कचरापेटी

रोह्याच्या धाटावला रंगाची एक कंपनी होती. तिथे नमिता कॉम्प्युटरचं बघायची आणि प्रविण परदेशी गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार. दोघं एकाच पॅसेंजरने यायचे. तो पेणला चढायचा, ती कासूला. वयाने तो तिच्या दीडपट आणि बोलण्याने तिप्पट. कुणाचीही टर उडवल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे, पण नमिताचा विषय निघाला की टवाळी कुठल्या कुठे पळायची. "मशीनला तिचा शब्द कळतो," असं तो डब्यातल्या अनोळखी माणसांनाही ऐकवायचा.

आणि कौतुक करावं असंच तिचं काम होतं. कंपनीने पैसे वाचवायला कॉम्प्युटरवर विकतच्या सिस्टिमऐवजी फुकटातलं लिनक्स घेतलं खरं, पण घेतल्यावर ते सांभाळायचं कुणी, याचा विचार कुणीच केला नव्हता. नमिता तेव्हा टायपिस्ट होती. तिने पुस्तकं मागवली, मासिकांबरोबर येणाऱ्या सीड्या गोळा केल्या आणि आपलं आपण शिकून घेतलं. ई-मेलच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती निघाली की फोनच्या लाइनवरून ती थेंबथेंब उतरवून घ्यायची. मध्येच लाइन तुटायची, आणि ही बया पुन्हा पहिल्यापासून सुरू. दुसरा कुणी असता तर त्याने मॉनिटरलाच लाथ घातली असती.

उतरवलेलं लगेच कुणाच्या टेबलावर ती घालत नसे. आधी कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर सगळ्यांच्या पत्रांची नक्कल ठेवून चालवून बघायची. मग प्रत्येकाच्या मागे स्टूल टाकून, माणूस काम कसं करतो ते निरखत बसायची. "आई मिठागरात पाणी घ्यायच्या आधी अख्खा बांध फिरून येते," ती म्हणायची. "खेकड्याचं बीळ आपल्याला दिसलं नाय, तरी पाण्याला बरोबर सापडतं."

नव्याण्णव साल सरत आलं आणि एक भानगड कळली. जुन्या आवृत्तीला दोन हजार साल उमगत नव्हतं. नमिताने तारीख पुढे ढकलून पाहिली, तर नवं पत्र सरळ एकोणीसशे सालात जाऊन पडलं. मॅनेजर खलीलसाहेब बरीच वर्षं आखातात काढून आलेले. त्यांचा लिनक्सवर पहिल्यापासून राग. "तिकडं सगळीकडं विकतची सिस्टिम. फुकटचं ते फुकटचंच," ते म्हणाले. "बदल तुझा प्रोग्राम. पण कुणाचं एक पत्र जरी गेलं, तर हे लिनक्स बंद आणि तू परत टायपिंगला."

नमिताने मान हलवली आणि टेबलाटेबलावर विचारत सुटली, की कुणाचं काय कुठे ठेवलंय.

"माझी इनबॉक्स बघ गो, एक पत्र सापडायचं नाय," प्रविण ऐटीत म्हणाला. "आपला कारभार स्वच्छ."

स्वच्छ कसला डोंबलाचा! वाचून झालेलं प्रत्येक पत्र तो ट्रॅशमध्ये, म्हणजे कचरापेटीत टाकायचा आणि लागलं की तिथूनच काढायचा. हा माणूस पेणच्या मूर्तिकारांच्या घरात वाढलेला. त्यांच्या कारखान्यात मोडलेली मूर्ती, उरलेली शाडूची माती, सगळं कोपऱ्यातल्या पिंपात भिजत पडायचं आणि त्यातूनच पुढचा गणपती घडायचा. टाकलेल्या वस्तूवर कुणी हक्क सांगून ती कायमची घेऊन जाईल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. पिंप कधी कुणी रस्त्यावर ओततं का?

रविवारी कंपनी बंद असताना नमिताने नवी आवृत्ती घातली. सोमवारी ती नेहमीच्या पॅसेंजरने आधी पोचली होती; प्रविणची गाडी चुकली आणि तो एसटीने उशिरा पोचला. तो खुर्चीत टेकतो न टेकतो तोच खलीलसाहेब टेबलं तपासत त्याच्यापाशी आले. मागे नमिता उभी होती.

"हिशेबाचं सगळं जाग्यावर हाय, स्टोअरचं हाय. तुमचं बघा, प्रविण."

प्रविणने सवयीने ट्रॅश उघडला. आत काहीच नव्हतं. जर्मनीवाला, दुबईवाला, कुणाला कुठली छटा कबूल केली, कुणाचा माल कधी निघायचा, सगळं पुसून गेलेलं. त्याची पाचावर धारण बसली. उद्या गिऱ्हाइकाने जुनी गोष्ट काढली तर तो काय सांगणार होता? आणि मग त्याला कंपनीत ठेवणार होतं कोण?

खरं बोलला असता तर तो सुटला असता. प्रोग्रामने पत्रं खाल्ली, एवढं म्हटलं की खापर नमिताच्या माथी. त्याला ते सुचलंही. मग त्याला ती फोनच्या तारेपाशी बसलेली आठवली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणारी.

नमिता पुढे सरून काही बोलणार, तेवढ्यात तो म्हणाला, "सगळं हाय, साहेब. एक पत्रसुद्धा गेलं नाय."

"मग राहू दे हिचं लिनक्स," साहेब म्हणाले आणि आपल्या केबिनकडे गेले.

प्रविण रिकाम्या पडद्याकडे बघत बसला. घरी काय सांगायचं, याची जुळवाजुळव तो करू लागला होता.

नमिताने स्टूल ओढलं. "प्रविणदादा, नवा प्रोग्राम बंद होताना आपणहून ट्रॅश रिकामा करतो. जुन्या मशीनवर माझ्या ध्यानात आलं. आणि तुमची इनबॉक्स रिकामी, तरी जुन्या पत्रांना उत्तरं रोज जातात, तेव्हाच मी ओळखलं." तिने ट्रॅशच्या खालच्या फोल्डरवर बोट ठेवलं. "सगळी पत्रं आधीच इथं हलवलीत. आल्याआल्या तुम्हाला सांगणार होते, तर साहेबच आधी पोचले."

त्याने उघडलं. जर्मनीवाला होता, दुबईवाला होता, सगळे गिऱ्हाइकागणिक लावून ठेवलेले. त्याच्या वेंधळेपणाचा एक शब्द न काढता तिने तो निस्तरला होता.

"पण तुम्हाला तर वाटलं की सगळं गेलंय," नमिता हळूच म्हणाली. "मग साहेबांना हाय कसं म्हणालात?"

"तुला परत टायपिंगला बसवलं असतं गो."

तिने तो फोल्डर बंद केला. मग म्हणाली, "या मशीनपायी मी सगळ्यांशी एकटीच भांडत आलेय, दादा. माझ्या बाजूनं कुणी बोललेलं आज पहिल्यांदाच ऐकलं."

तेवढ्यात टेबलावर चहा आला. प्रविणने आपला कप तिच्यापुढे सरकवला आणि स्वतःसाठी दुसरा मागवला.