दहावा शब्द

दिपमालाने पान उलटलं, तसा हेमराजनानांचा अंगठा बोटाच्या पेरावर थांबला.

"नऊच व्हयनात," ते म्हणाले. "दहावा?"

पुढच्या महिन्यात तिची भरतीची परीक्षा होती. रोज संध्याकाळी ती इंग्रजीचे दहा शब्द अर्थासकट मोठ्याने वाचायची आणि वडील ते पेरांवर मोजत ऐकायचे. नाना एसटीत ड्रायव्हर होते. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून चाळीसगावच्या त्या दोन खोल्यांत एक शब्द कुणीच उच्चारला नव्हता. शेजारीसुद्धा "नानांना जरा कमी दिसतं" एवढंच म्हणत.

"ब्लाइंड," दिपमाला म्हणाली. "म्हणजे खिडकीचा पडदा."

"आखो? दुसरा अर्थ नही का?"

"एवढंच, नाना."

आत तिच्या आईचं, पुष्पाबाईंचं, लाटणं थांबलं.

नाना हसले. "कन्नडना घाटमा पाटी व्हती. ब्लाइंड टर्न. मी नवा व्हतू, तं कंडक्टरले इचारं, हाई काय शे? तो म्हणे, आंधळं वळण. पुढलं दिसत नही, हॉर्न दीसन हळू काढ. बावीस वरीस काढी मी तठून गाडी."

दिपमाला पुस्तकाच्या कडेवरून नख फिरवत राहिली.

"वाच, बेटा. बठ्ठा अर्थ वाच, काही सोडू नको."

"आंधळा," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "ज्याला दिसत नाही असा."

नानांनी स्पेलिंग विचारलं. तिने सांगितलं. एकेक अक्षर तिच्यामागून म्हणून त्यांनी अंगठा पुढच्या पेरावर नेला.

"ते दवाखानानं सर्टिफिकेट," मग ते म्हणाले. "त्यावर हाऊच शब्द लिखेल ऱ्हास का?"

"हो."

जळगावच्या सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या अपंगत्वाच्या दाखल्याचा तो फॉर्म तिने तीनदा आणला होता. तिन्ही वेळा नानांनी दुसराच विषय काढला होता.

"सोमवारी जळगावले जाऊत. एसटीनी."

स्टिअरिंग सुटल्यापासून नाना एसटीत बसले नव्हते. धुळ्याच्या लग्नालाही त्यांनी रिक्षाच करायला लावली होती.

दिपमालाने मान हलवली, मग आठवण होऊन "बरं" म्हणाली. पुष्पाबाई पिठाचे हात पुसत बाहेर आल्या. कुणाशी काही न बोलता त्यांनी कपाटातून नानांचा पांढरा शर्ट काढला आणि दिव्याखाली बसून एकेक बटण ओढून पाहू लागल्या.