धार तुटू नये म्हणून

मिनोअन लोकांची संस्कृती कशी लयाला गेली, यावर माझी सून ईप्सिता जर्मनीत डार्मश्टाटच्या विद्यापीठात तीन वर्षं संशोधन करत होती. त्यांचं एक भांडं कसं लयाला गेलं, एवढं मात्र मी खात्रीने सांगू शकते. ते मी घालवलं.

२००६चा श्रावण. महिनाभर रोज अभिषेकाचा माझा नेम. दहा माळा जप होईस्तोवर पिंडीवरची धार तुटू द्यायची नाही, मध्ये बोलायचं नाही, त्याआधी खायचं नाही. पहिल्याच सोमवारी तांब्याच्या अभिषेकपात्राचं भोक बुजलं. इथल्या पाण्यात काल्क, म्हणजे चुना फार. किटलीतसुद्धा पांढरे थर बसतात. सुईने टोचलं, देवाला विनवलं. थेंब गळेना.

खिडकीत ईप्सिताचं मातीचं भांडं वाळत होतं. क्रीट बेटावरचे ते लोक पूजेला वापरत तसं हुबेहूब घडवलेलं. गाजरासारखं निमुळतं, टोकाला भोक.

"आई, गुरुवारच्या व्याख्यानात यातून पाणी सोडून दाखवायचंय. हात लावू नका हं."

"मी कशाला लावतेय?" असं मी म्हटलंही होतं. पण देवासाठी लावलेला हात तो हात नव्हे, अशी माझी आपली सोयीची श्रद्धा.

धार काय सुरेख पडली! चौथ्या माळेला पाणी गढूळ झालं, पाचव्या माळेला कड वाकली. कच्चं होतं ते, भट्टीत जायचं राहिलेलं. थांबायला हवं होतं. पण नेम!

सातव्या माळेला ईप्सिता दारात. "आई, हे काय? अहो, बोला ना!"

मी डोळे मिटून घेतले. उरलेल्या माळा हातातल्या पळीने धार धरून पुऱ्या केल्या. पिंड चिखलात बसली होती.

"ज्वालामुखी फुटला तरी ते लोक दोन-तीन पिढ्या टिकले," ती म्हणाली. "मग महाल जळले, मुख्य भूमीवरचे ग्रीक आले. तरी त्यांची भांडी साडेतीन हजार वर्षं उरली, आई. तुमच्यापुढे हे सात माळा नाही टिकलं."

दुसरं वाळायलाच आठवडा लागला असता. मी माझं पात्र पुढे केलं. "आकार निराळा, पण काम तेच. बुजलंय मात्र."

तिने त्यात व्हिनेगर ओतलं. तासाभरात मोकळं! आणि मी सकाळभर देवाला विनवत बसले होते.

गुरुवारी व्याख्यान नऊला. मी उपाशीच गेले. ईप्सिताने पात्र टांगलं, खाली परात ठेवली आणि हळूच म्हणाली, "पर्समध्ये पिंड आणलीय ना? द्या इकडे."

धार सुरू झाली. मी मागच्या खुर्चीत माळ ओढू लागले.

प्राध्यापकांनी विचारलं, धार न तोडता हे पुन्हा कसं भरत असतील? ईप्सिता अडखळली. मग माझ्याकडे वळली. "आई, सांगा ना. मी जर्मनमध्ये सांगते."

सगळी खोली माझ्याकडे बघतेय आणि माझी सहावी माळ चालू! पात्रात बोटभर पाणी उरलं होतं. शेवटी उठले, तांब्या उचलला आणि पात्राच्या कडेकडेने अलगद पाणी सोडलं. धार हलली नाही.

"गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर, असं प्राध्यापक म्हणाले, आणि तेच आणखी दोनदा करायला लावलं.

दहावी माळ संपली तेव्हा खोलीत आम्ही दोघीच उरलो होतो.

"मानलं, आई," ईप्सिता म्हणाली. "आता तरी बोला."

"भूक लागलीय गं," मी म्हटलं.