एकाहत्तर नावं

दवाखान्याचा महिन्याचा अहवाल सलग तिसऱ्यांदा लाल आला, तेव्हा डॉक्टरांनी तो सिस्टरला दाखवलाही नाही. कागद टेबलावर पालथा घातला, वर स्टेथोस्कोप ठेवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. सिस्टरने तो दुपारी टेबल आवरताना वाचला. रक्तदाबाचे नोंदलेले रुग्ण दोनशे बारा, त्यांतले आटोक्यात एकोणऐंशी. सदतीस टक्के. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: चौथ्या महिन्यातही पन्नासच्या आत राहिलेला दवाखाना बंद करून त्याचे रुग्ण मोठ्या रुग्णालयाकडे वर्ग केले जातील.

मोठं रुग्णालय म्हणजे दोन बस बदलून जायचं आणि अख्खा दिवस घालवायचा. आपल्या पेशंटांतलं कोण जाईल आणि कोण घरीच बसेल, हे सिस्टर डोळे मिटून सांगू शकली असती. चौदा वर्षं ती त्या दोन खोल्यांत होती. कुणाच्या दंडाला मोठा पट्टा लागतो, कोण जिने चढून धापा टाकत येतं म्हणून त्याला आधी दहा मिनिटं बसवायचं, सगळं तिला तोंडपाठ होतं.

"सर, आता काय करायचं?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, आवाज न चढवणारा माणूस. "काल वरच्या ऑफिसातून साहेबांचा फोन होता. म्हणाले, तुमची यादी फुगलेली आहे. जे नऊ-नऊ महिने फिरकत नाहीत, ते कशावरून अजून इथे राहतात? त्यांना 'पत्ता सोडला' करून टाका."

"पण ते इथेच आहेत, सर. मी दर शनिवारी फोन करते त्यांना."

"मला माहीत नाही का?" डॉक्टर म्हणाले. मग खिडकीकडे बघत, "दवाखानाच राहिला नाही तर फोन कुठून करणार, सिस्टर?"

तिसऱ्या दिवशी ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि एकेक नाव उघडून, 'पत्ता सोडला' असं नोंदवत गेली. एकाहत्तर नावं. सुरुवातीला प्रत्येक नावाशी हात अडखळत होता. तिसाव्या-चाळिसाव्या नावानंतर तो सरसर चालायला लागला, आणि त्याचीच तिला नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली.

दोनशे बाराचे एकशे एक्केचाळीस झाले. एकोणऐंशी होते तेवढेच राहिले. एकाचाही रक्तदाब उतरला नव्हता, पण टक्के झाले छप्पन्न. अहवाल हिरवा आला. साहेबांनी अभिनंदनाचं पत्र पाठवलं. डॉक्टरांनी ते न वाचताच फायलीत लावलं.

शनिवारी कॉम्प्युटर न आलेल्यांची यादी काढून द्यायचा आणि तीवरून सिस्टर फोन करायची. आधी तीन पानं निघायची, आता अर्धंच निघालं. पत्ता सोडलेल्यांना कॉम्प्युटर कशाला विचारतोय! अकराला सुरू केलेले फोन साडेअकराला संपले. वगळलेल्यांना आपण होऊन फोन करायचे, असं तिने मनाशी घोकलं होतं. पहिल्या शनिवारी लसीकरण निघालं. दुसऱ्या शनिवारी डॉक्टर रजेवर होते. नंतर नंतर समोर यादीच नसल्यामुळे ते राहूनच गेलं.

दोन महिने असेच गेले. मग एका मंगळवारी सकाळी मोठ्या रुग्णालयातून फोन आला. एक तरुण डॉक्टरीणबाई घाईघाईने बोलत होती. "तुमच्या भागातला पेशंट आहे. पेंटर. उजवी बाजू गेलीय, वाचा गेलीय. कोणत्या गोळ्या चालू होत्या ते हवंय. मी नोंद उघडली, तर पत्ता सोडला म्हणून बंद केलेली दिसते. कुठून आलाय हा माणूस?"

पेंटरकाका. दवाखान्याच्या आसपासच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. कामाच्या वेळी दवाखाना उघडा आणि दवाखान्याच्या वेळी काका शिडीवर, म्हणून येणं जमायचं नाही. दर शनिवारी तिने फोन केला की म्हणायचे, "भिंत सुकली की येतो गं पोरी." वर्षभर त्यांची भिंत सुकत होती.

"तो कुठूनही आलेला नाही," ती म्हणाली. "इथलाच आहे." तिने कपाटातून जुन्या वहीतलं पान काढलं आणि गोळ्यांची नावं वाचून दाखवली. एकही चुकलं नाही.

दुपारी अर्धी रजा टाकून ती रुग्णालयात गेली. कॉरिडॉरच्या टोकाला काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. बाक रिकामा होता तरी बसल्या नव्हत्या. सिस्टरला बघून त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

"काकू, गोळ्या घेत नव्हते का?"

"घ्यायचे गं. मी दुकानातून आणून द्यायचे. शनिवारचे घ्यायचे, मग पुढे चार-पाच दिवस घ्यायचे. तुझा फोन येणार म्हणून. म्हणायचे, पोरगी विचारते, तिच्याशी खोटं बोलवत नाही. नेटाने रोज नाही, पण घ्यायचे." काकूंनी पदराने नाक पुसलं. "मग तुझा फोन यायचा थांबला. दोन शनिवार वाट पाहिली. तिसऱ्याला म्हणाले, आता आपलं ठीक असणार, नाहीतर पोरीने सोडलं असतं का? आणि दिली डबी फळीवर टाकून."

सिस्टर बाकावर बसली. काकूच तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या, आणि ते तिला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी तिने दवाखाना उघडला, झाडून घेतलं आणि पहिला पेशंट यायच्या आत कॉम्प्युटर लावला. बंद केलेली नोंद परत उघडायची तर प्रत्येक वेळी कारण लिहावं लागायचं. तिने लिहिलं, 'रुग्ण येथेच राहतो. नोंद माझ्याकडून चुकीची झाली.' डॉक्टर आले तेव्हा तिची बावीस नावं झाली होती.

ते तिच्यामागे उभे राहून पडद्याकडे बघत राहिले. "सिस्टर, हे वर गेलं की संपलं. सगळंच."

"पेंटरकाकांचं संपलंच आहे, सर."

"'माझ्याकडून' काय लिहिताय? मी सांगितलं होतं ना तुम्हाला."

"हात माझा होता."

डॉक्टर खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, "सरका जरा. उरलेली नावं मी घालतो. तुम्ही बाहेर पेशंट बसवा." त्यांनी कारणाच्या रकान्यात 'माझ्या सांगण्यावरून' असं लिहिलं. एकोणपन्नास वेळा.

पुढचा अहवाल लाल आला. छत्तीस टक्के. साहेबांचा फोन डॉक्टरांनीच घेतला. सिस्टरला दाराबाहेरून त्यांचं एवढंच ऐकू आलं: "नाही. आकडा बरोबर आहे. हाच बरोबर आहे." आठवड्याभरात मधले हिरवे अहवाल रद्द ठरले आणि दवाखाना बंद करण्याचा आदेश आला. हातात सहा आठवडे होते.

ते सहा आठवडे सिस्टर दुपारनंतर रक्तदाबाचं यंत्र पिशवीत घालून घरोघर फिरली. एकाहत्तर घरं. नऊ जण खरोखरच पत्ता सोडून गेले होते. पाच जण वारले होते आणि त्याची नोंद कुठेच नव्हती. एका घरी सुनेने सांगितलं, "सासूबाईंना जाऊन वर्ष होईल आता," आणि सिस्टरला पाणी दिलं. उरलेले सत्तावन्न जिथल्या तिथे होते. कुणी शिलाई मशीनवर काम करत होतं, कुणी नातवंड सांभाळत होतं, कुणी नुसतंच झोपून होतं. तिने प्रत्येकाचा रक्तदाब मोजला, गोळ्या दिल्या आणि मोठ्या रुग्णालयाचा रस्ता कागदावर काढून दिला. बहुतेकांनी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला. त्या घड्या घालण्यावरूनच तिला कळायचं, हा जाणार नाही.

पेंटरकाकांचं घर तिने शेवटी ठेवलं होतं. काकूंनी दार उघडलं. सिस्टर उंबऱ्याच्या आतही गेली नाही, तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: अहवाल, यादी, तिने काढलेलं नाव, हिरवा रंग.

ती बोलायची थांबली तरी काकू तिच्या पायांकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "मला आत्ता तुझं तोंड बघवत नाहीये."

"हो, काकू."

"पण आत जा. रोज दाराकडे बघतात." त्यांनी आवाज खाली आणला. "फोन का नाही आला म्हणून खुणेने विचारत होते. तेव्हा मला तरी काय माहीत होतं! मी सांगितलं, पोरगी आजारी होती. तेच राहू दे. तू एकटीच आपल्याशी खोटं बोलत नाहीस, असं त्यांना वाटतं. ते त्यांचं काढून घेऊ नकोस."

आतल्या खोलीत काका उशांना टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा पडला होता. तिला बघून त्यांचा अर्धा चेहरा उजळला. तिने पट्टा त्यांच्या डाव्या दंडाला गुंडाळला. त्यांनी तोंड उघडलं, बराच वेळ झटापट केली आणि एक शब्द बाहेर काढला.

"ब... बरी?"

सिस्टरने फुगा दाबायला घेतला. दारात काकू उभ्या होत्या.

"हो, काका," ती म्हणाली. "आता बरी आहे."